पामतेलाचा हिशेब लिहिणारा मी आणि जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू

काटापावती:
नमस्कार मंडळी. गेली सात-आठ वर्षं नुसता वाचनमात्र आहे, लिहायचं धाडस आज पहिल्यांदाच करतोय, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

मी मूळचा सांगलीकडचा, पोटापाण्यासाठी सध्या मुक्काम पापुआ न्यू गिनी, ओरो प्रांत, गाव पॉपोंडेट्टा. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या वर ते मोठं बेट आहे ना, त्याच्या पूर्वेकडच्या शेपटावर. राजधानी पोर्ट मोर्सबीहून इकडे यायला गाडीरस्ताच नाही, एकतर विमान नाहीतर मधला डोंगर पायी ओलांडायचा, तो ९६ किलोमीटरचा कोकोडा ट्रेल, १९४२ साली जपानी आणि ऑस्ट्रेलियन सैन्य जिथे चिखलात लढलं तोच. मी अर्थात विमानवाला.

काम काय, तर इथल्या एका वाहतूक ठेकेदाराकडे हिशेबनीस. आमचे ट्रक गावोगावी फिरून ऑइल पामच्या फळांचे घड उचलतात आणि गिरणीत नेऊन टाकतात. घड किती टन, कुणाच्या ब्लॉकातला (ब्लॉक म्हणजे एकेकाचा पाम लावलेला जमिनीचा तुकडा), काट्याची पावती कुठे हरवली, डिझेल किती लागलं, हेच दिवसभर. म्हणून आयडी काटापावती.

तर झालं असं की गेल्या आठवड्यात आमच्या ट्रकचा ड्रायव्हर मला म्हणाला चल तुला बिकपेला बेंबे दाखवतो. बिकपेला म्हणजे मोठा आणि बेंबे म्हणजे फुलपाखरू, इथली टोक पिसिन भाषा. (हो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पण बेंबीच आठवली.) रविवारी पहाटे त्याच्या गावाला गेलो, त्याच्या काकांच्या पामच्या ब्लॉकामागे जंगलाची एक पट्टी अजून उभी आहे, तिथे मान वर करून दीड तास उभं राहिलो, मान अवघडली, जळू चावली, काही नाही. निघता निघता वरून फांद्यांतून एक तपकिरी काहीतरी सावकाश तरंगत गेलं. मी म्हटलं वटवाघूळ आहे. ड्रायव्हर म्हणाला नाही, हीच ती.

क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग. शास्त्रीय नाव ऑर्निथॉप्टेरा अलेक्झांड्री. जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू आणि ते जगात फक्त ह्या एका प्रांतात आहे. म्हणजे मी दोन वर्षं ज्या रस्त्यांवरच्या डिझेलचा हिशेब लिहितोय त्याच्या आजूबाजूला. मादीचा पंखविस्तार २५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे आपली एक वीत आणि वर चांगली दोन बोटं. वजन १२ ग्रॅमपर्यंत, चिमणीच्या जवळपास निम्मं.

फोटो नाही. मोबाइल खिशातून काढेस्तोवर गेली पण.

निवांत:
फोटो नाही तर धागा नाही 😀 गंमत केली हो, छान लिहिलंय, अजून लिहा.

कढीपत्ता:
बापरे वीतभर फुलपाखरू! माझ्याकडे गॅलरीत कढीपत्त्यावर येणारी काळी फुलपाखरं बघूनच मी नातीला हाका मारते. दादा एक शंका, बर्डविंग हे स्वॅलोटेलमध्येच येतात का? मागे कुठेतरी वाचलं होतं, पण मग त्यांना शेपूट कुठे असतं?

आंबोलीकर:
ताई शंका रास्त आहे. स्वॅलो म्हणजे आपली भिंगरी, तिच्या दुभंगलेल्या शेपटीवरून स्वॅलोटेल हे नाव पडलं, पण कुळ ठरतं ते नुसत्या शेपटीवरून नाही. बर्डविंगना शेपूट नसतं तरी कुळ तेच, पॅपिलिओनिडी. ओळखायची सोपी खूण तुमच्या गॅलरीतच आहे. कढीपत्त्यावरच्या सुरवंटाला काडीने हळूच डिवचा, डोक्यामागून दोन टोकांचं नारिंगी-लालसर शिंग बाहेर काढतो आणि घाण वास सोडतो. ते शिंग ह्या कुळातल्या सगळ्या सुरवंटांना असतं, तुमच्या कुंडीतल्या कॉमन मॉर्मनला आणि पॉपोंडेट्टाच्या राणीला पण.

काटापावती, तुम्ही मादी बघितलीत. तपकिरी, पंखांवर मळकट पांढरे ठिपके, पोट फिकट पिवळसर. नर आकाराने लहान पण देखणा, काळ्यावर निळसर हिरवी झाक आणि पोट हळदीसारखं पिवळंजर्द. पहिल्यांदा हे फुलपाखरू मिळालं ते कसं माहितीय का, गोळी घालून. १९०६ साली अल्बर्ट मीक नावाचा संग्राहक, लॉर्ड वॉल्टर रॉथ्सचाइल्डसाठी पक्षी आणि कीटक गोळा करायचा, त्याला ही मादी इतकी उंच उडताना दिसली की जाळं पोचेना, मग छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडली. पंखांना भोकं पडलेला तो नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आजही आहे. रॉथ्सचाइल्डने १९०७ मध्ये नाव दिलं, सातव्या एडवर्डची बायको राणी अलेक्झांड्रा हिच्यावरून.

पोटोबा:
बंदुकीने फुलपाखरू 😂 हसून हसून पुरेवाट. म्हणजे साहेबाने वाघ मारला तसंच.

तर्कट:
धागा चांगला आहे पण लेखक एक गोष्ट सांगता सांगता थांबलेत असं वाटतंय. ऑइल पामचे ट्रक आणि जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू एकाच गावात. ह्यातलं कोण कोणाला खातंय ते पण लिहा की.

काटापावती:
@तर्कट, बरोबर पकडलंत. खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच धागा काढला, पण पहिल्याच पोस्टीत स्वतःबद्दल वाईट लिहायला जीव धजेना.

गोष्ट अशी की ह्याचा सुरवंट मुख्यतः एकाच वेलीची पानं खातो, पॅरारिस्टोलोकिया डिएल्सियाना. ही वेल जंगलातल्या उंच झाडांवर चढत पार ४० मीटरपर्यंत जाते. झाड गेलं की वेल गेली, वेल गेली की अंडी घालायला जागा नाही. आणि सखल भागातलं जंगल गेलं कशाने, तर एक म्हणजे १९५१ मध्ये माउंट लॅमिंग्टन फुटला, माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतो तो डोंगर, तेव्हा इथल्यांना तो ज्वालामुखी आहे हेच ठाऊक नव्हतं, २१ जानेवारीला फुटला आणि जवळपास ३००० माणसं गेली, शेकडो चौरस किलोमीटर जंगल भाजून निघालं. ते परत हळूहळू वाढलं असतं. पण ७०च्या दशकात ऑइल पाम आला, शिवाय कोको, लाकूडतोड. सखल भागात आता जंगल म्हणजे पामच्या हिरव्या रांगांमध्ये राहिलेले तुकडे. आमच्या ट्रकमधून जाताना अर्धा-अर्धा तास फक्त पाम दिसतो, खाली काळोख, पाखरू नाही की काही नाही.

आणि त्या पामवर माझा पगार. तो पगार सांगलीला जातो, त्यात आईचं औषधपाणी आणि धाकट्याची फी. आता बोला.

निवांत:
म्हणजे आपलं फरसाण आणि फुलपाखरू असा हिशेब आहे तर. आजपासून शेव बंद 😔

काटापावती:
@निवांत, शेव खा बिनधास्त. इथलं तेल बहुतेक युरोपात जातं, भारतात येतं ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाचं. अर्थात तिथे पण जंगलच होतं, तो भाग वेगळा.

तर्कट:
तो भाग अजिबात वेगळा नाही. पामतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार आपण आहोत. आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलाचं राष्ट्रीय मिशन जाहीर केलं, ११,०४० कोटी रुपयांचं, त्यात पामसाठी खास लक्ष ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबारवर. दोन्ही ठिकाणी स्वतःची खास फुलपाखरं आहेत. पॉपोंडेट्टाची गोष्ट आपण परदेशातली म्हणून वाचतोय एवढंच.

आंबोलीकर:
+१. अंदमानलाच कशाला जायचं. आमच्या दोडामार्गात जा, डोंगरच्या डोंगर साफ करून रबर आणि अननस. ह्या फुलपाखराचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे सदर्न बर्डविंग, काळे पुढचे पंख आणि मागचे पंख सोन्यासारखे पिवळे, सिंधुदुर्ग, गोवा, पुढे कर्नाटक-केरळ अशा सह्याद्रीत सापडतो. मादी १९ सेंटिमीटरपर्यंत भरते. १९३२ पासून भारतातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू म्हणून मान ह्याचाच होता, २०२० मध्ये उत्तराखंडात दिडीहाटला गोल्डन बर्डविंगची १९४ मिलिमीटरची मादी मोजली गेली आणि चार मिलिमीटरने आमचा नंबर गेला. अजून सल आहे.

आमच्या बर्डविंगचा सुरवंट पण त्याच जातकुळीच्या वेलीवर, अ‍ॅरिस्टोलोकिया, मराठीत सापसंद किंवा ईश्वरी. जुन्या लोकांना विचारा, कुंपणाला असायची, साप चावला की मुळी उगाळायचे. (औषध म्हणून कृपया पोटात घेऊ नका, ह्या वेलींमधलं अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड किडनी खलास करतं, कॅन्सर पण होतो.) पण तेच विष सुरवंट पचवतो, अंगात साठवतो आणि मग पक्षी त्याला चोच लावत नाहीत. आता जेसीबीने कुंपणं साफ होतात, लोखंडी जाळी येते, वेल कुठे उगवायची. पानं खायला वेलच नसेल तर राष्ट्रीय उद्यान काढून उपयोग काय.

कढीपत्ता:
आंबोलीकर, नर्सरीत बदकवेल मिळते, बदकाच्या आकाराची फुलं येतात, ती ह्याच जातीची ना? ती लावली तर येतील का?

ब्रिस्बेनची_बाय:
कढीपत्ता ताई थांबा थांबा, बदकवेल लावू नका! आमच्याकडे क्वीन्सलँडमध्ये हाच घोटाळा झालाय. इथे रिचमंड बर्डविंग आहे, काटापावतींच्या राणीच्याच वंशातलं, ऑर्निथॉप्टेरा. लोकांनी हौसेने बागेत दक्षिण अमेरिकेतली अ‍ॅरिस्टोलोकिया लावली, मादी वासाला फसून तिच्यावर अंडी घालते, सुरवंट बाहेर येतो, पान खातो आणि मरतो. विष त्याच कुळातलं पण त्याला न झेपणारं. आता इथले स्वयंसेवक ती वेल उपटायला सांगतात आणि तिच्या जागी मूळची इथली वेल, पॅरारिस्टोलोकिया प्रेव्हेनोसा, ती वाटतात. मी पण मागच्या अंगणात लावलीय, तिसरं वर्ष आहे, फुलपाखरू अजून एकही नाही पण सासूबाई रोज पानं उलटून बघतात, त्यांना भारतातून इथे आल्यावर पहिल्यांदाच काहीतरी आपलं काम मिळालं.

कढीपत्ता:
बरं झालं सांगितलंत गं, परवाच आणणार होते.

पोटोबा:
एक बाळबोध प्रश्न. फुलपाखरू एवढं दुर्मीळ आहे तर गावकरी ते पाळत का नाहीत? आपल्याकडे रेशमाचे किडे पाळतात तसं. एकेकाला चांगले पैसे मिळतील.

तर्कट:
हा बाळबोध प्रश्न नाही, हाच मुद्दा आहे. पापुआ न्यू गिनीत बुलोलो गावी १९७८ पासून सरकारी संस्था आहे, गावकरी घराभोवती वेली लावतात, जंगलातली मादी येऊन अंडी घालते, काही फुलपाखरं सोडून द्यायची, काही संग्राहकांना विकायची. दुसऱ्या जातींचे बर्डविंग असे कायदेशीर विकले जातात. पण अलेक्झांड्रा राणी नाही, ती साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, वाघ-गेंड्याच्या पंगतीत, आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद. म्हणजे गावकऱ्याच्या दृष्टीने पामच्या घडाला भाव आहे आणि राणीला भाव शून्य. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय राखलं असतं?

आंबोलीकर:
भाव शून्य नाही, चोरबाजारात भाव आहे म्हणून तर बंदी. २००६ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर एक जपानी तस्कर पकडला, तो एका राणीच्या जोडीचे साडेआठ हजार डॉलर घ्यायचा, आणि घेणारा गिऱ्हाईक निघाला अमेरिकेच्या वन्यजीव खात्याचा गुप्त अधिकारी. २१ महिने आत गेला. कायदेशीर विक्री उघडली की ह्यातलं कुठलं पाळलेलं आणि कुठलं जंगलातून उचललेलं हे पंख बघून सांगणार कोण? आपल्याकडे मोरपिसांचं काय होतं बघताय ना, गळलेली म्हणून सगळीच विकली जातात.

तर्कट:
मान्य आहे, पण साडेआठ हजारातले गावात किती पोचले असतील? आणि तस्करीने ही जात संपत नाहीये, जंगल तुटण्याने संपतेय. तुम्ही बंदी कुठल्या दुखण्यावर लावताय?

आंबोलीकर:
दोन्ही दुखणी आहेत. एकावर औषध नाही म्हणून दुसऱ्यावरची पट्टी सोडायची का?

निवांत:
दोघांनाही चहा द्या रे कोणीतरी. काटापावती कुठे गेले?

काटापावती:
आलो आलो, महिनाअखेर होता. वाद वाचला, दोघांचंही पटतं म्हणून काही बोलवेना. इथून जे दिसतं ते सांगतो.

इथली जमीन सरकारची नाही, देशातली ९५ टक्क्यांहून जास्त जमीन कुळांची, भाऊबंदांची आहे. म्हणजे जंगल ठेवायचं की पाम लावायचा हे वनखात्याचा रेंजर ठरवत नाही, ड्रायव्हरचे काका आणि त्यांचे पाच भाऊ बसून ठरवतात. घडाचे पैसे बापाच्या नावावर येतात आणि झाडाखाली सुटी पडलेली फळं बायका वेचतात त्याचे पैसे त्यांच्या वेगळ्या कार्डावर. त्याला म्हणतात मामा कार्ड. इथे मामा म्हणजे आई, मी पहिला महिनाभर समजत होतो की प्रत्येकाचा मामाच कसा काय फळं वेचतो. ही पद्धत ९०च्या दशकात वेस्ट न्यू ब्रिटन प्रांतात सुरू झाली, का तर नवरे पैसे घरी आणायचे नाहीत म्हणून बायका सुटी फळं उचलायच्याच नाहीत, तशीच कुजायची. कार्ड वेगळं केल्यावर उचलायला लागल्या. त्याच पैशातून पोरांची फी, मीठ, साबण. त्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू की पाम वाईट आहे?

पण सगळंच काळं नाही. पॉपोंडेट्टाच्या वरच्या अंगाला मनागालास पठार आहे, राणीची दुसरी वस्ती तिकडे, तिथल्या गावांनी खूप वर्षं पाठपुरावा करून २०१७ मध्ये ३६०० चौरस किलोमीटर संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर करून घेतलं. आणि गंमत म्हणजे प्रांताच्या झेंड्यावर पण हेच फुलपाखरू आहे. सरकारी कचेरीत, टीशर्टवर, सगळीकडे. कापडावरची राणी दोन वर्षं रोज बघत होतो, खरी बघितली चार सेकंद.

अजून एक. गेल्या रविवारी परत गेलो होतो. त्या पट्टीत एक वेल वाकून खाली आलीय, तिच्यावर सुरवंट सापडला! माझ्या अंगठ्याहून जाड, काळा, अंगभर लाल काट्यांसारखी बोंडं आणि बरोबर मधोमध खोगीर घातल्यासारखा पिवळट पांढरा पट्टा. खात होता पण पानं नाही, वेलीचं खोड कुरतडत होता. ड्रायव्हर म्हणाला आता कोष करणार. आंबोलीकर, हे डिवचून शिंग बघायचं धाडस मात्र झालं नाही.

आंबोलीकर:
अहो नशीबवान आहात!! खोड कुरतडतोय म्हणजे शेवटची अवस्था. कोषातून बाहेर यायला साधारण सव्वा-दीड महिना धरा. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला एकूण चारेक महिने आणि पुढे तीनेक महिने आयुष्य. आपल्या कढीपत्त्यावरच्यांचं सगळं महिना-सव्वा महिन्यात उरकतं, त्यामानाने ही फार सावकाश चाल आहे, म्हणून नुकसान भरून यायला पण वेळ लागतो. रोज जाऊ नका, वास लागतो, पायवाट पडते, लोक मागे येतात. गावाचं नाव इथे लिहू नका.

ब्रिस्बेनची_बाय:
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत मुलगा की मुलगी?

काटापावती:
@ब्रिस्बेनची_बाय, त्यांना सांगा सोनोग्राफीला बंदी आहे 🙂

कढीपत्ता:
(दीड महिन्याने धागा वर काढतेय) काटापावती दादा, झाला का हो वेळ? काय झालं कोषाचं? इकडे माझ्याकडे चार सुरवंट होते, दोन बुलबुलने नेले, दोन कुंडीच्या कडेला कोष करून बसलेत, कढीपत्ता मात्र बोडका झालाय, जावई म्हणतो आता आमटीला पानं विकत आणा.

काटापावती:
ताई, काल गेलो होतो. ट्रक दहा दिवस बंद होते, पावसाने पूल वाहून गेला, त्यामुळे मधे जाता आलं नाही.

वेलीवर काही नव्हतं. शेजारच्या झाडाच्या पानाखाली ड्रायव्हरच्या पोराने कोष शोधून काढला, रिकामा, कागदासारखा, वरच्या बाजूने उघडलेला. म्हणजे बाहेर पडलं. कधी, नर की मादी, काही कळायला मार्ग नाही. शेजारीच कोळ्याचं एक भलंमोठं पिवळसर जाळं होतं, ते आधी नीट तपासलं, त्यात पंखाचा तुकडा वगैरे काही नव्हता.

मग काकांच्या घरी बसलो. काका म्हणाले ती पट्टी मी तोडू देणार नाही. धाकटा भाऊ तिथेच बसला होता, तो म्हणाला मला चार पोरं आहेत आणि माझ्या वाट्याला ब्लॉक नाही. मग कोणीच काही बोललं नाही. काकूंनी भाजलेले तारो (अळूचे कंद) आणून ठेवले. परत येताना ड्रायव्हरने मला विचारलं, तू हिशेब लिहितोस ना, मग एक हेक्टरचे वर्षाला किती येतात ते माझ्या धाकट्या काकाला लिहून दे.

अजून दिलं नाही.

तर्कट:
देऊ नका म्हणणार नाही मी. पण देताना पट्टी राखून मधल्या रिकाम्या गवताळ जागेत किती बसतो तो आकडा आधी काढा. अशी जागा आहे का तिथे?

काटापावती:
ओढ्याच्या पलीकडे आहे थोडी, जुनी सोडून दिलेली बाग. मोजायला टेप लागेल. पुढच्या रविवारी.